सेवा घेण्याचा धर्म

रुग्णालयात दाखल होण्यासाठी गेलेल्या माणसाला खिडकीपाशी नाव, वय आणि पत्ता विचारून झाला की लगेच एक प्रश्न येतो: ‘बरोबर कोण आहे?’ विचारणाऱ्या कारकुनाच्या मनात त्या प्रश्नाला काही खोल अर्थ नसतो. औषधे आणायला, पैसे भरायला, कागदपत्रे सांभाळायला कोणीतरी हवे, एवढाच त्याचा हेतू. परंतु जो माणूस एकटा राहतो, त्याच्या अंतःकरणाला तो प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच एक छेद देऊन जातो. कुटुंबात राहणाऱ्याला ज्याचे उत्तर देताना क्षणभरही थांबावे लागत नाही, त्याच प्रश्नाने एकाकी माणसाचे सारे आयुष्य त्याच्यापुढे उभे राहते.

असे एकटे राहणारे लोक आज गावोगावी आहेत. कोणी अविवाहित राहिले, कोणाचा जोडीदार आधी गेला, कोणाची मुले परदेशी स्थायिक झाली, कोणी निवृत्तीनंतर ईश्वरचिंतनासाठी काशीला किंवा हरिद्वारला एक खोली घेऊन राहिले. त्यांतील पुष्कळांनी एकटेपणाला शाप न मानता साधनेची संधी मानले आहे. पहाटे उठावे, स्वतःचे पाणी स्वतः भरावे, दोन पोळ्या कराव्यात, वाचन-चिंतन करावे आणि कोणाचे एक पैशाचेही देणे लागू नये, अशी त्यांची दिनचर्या असते. ती खरोखर स्पृहणीय आहे. प्रश्न उत्पन्न होतो तो शरीर आडवे पडल्यावर. ज्याने आयुष्यभर स्वावलंबन हेच व्रत मानले, त्याने त्या वेळी दुसऱ्याची मदत मागावी काय? मागितली तर व्रतभंग होतो काय? आणि न मागता देह पणाला लावला, तर त्याला धैर्य म्हणावे की अहंकार?

इंदूरसारख्या शहरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा दृष्टांत घ्यावा. वय एकाहत्तर, घर दोन खोल्यांचे, निवृत्तिवेतन बेताचे, गीतापाठ नित्याचा. शेजारच्या मुलांना त्या विनामूल्य गणित आणि संस्कृत शिकवीत; कोणाच्या घरी आजारपण आले तर उशाशी रात्र जागून काढीत. परंतु शेजारणीने सणासुदीला खिरीची वाटी आणून दिली, तर त्याच संध्याकाळी ती वाटी साखरेने भरून परत जाई. रिकामे भांडे परत करू नये, हा जुना गोड शिष्टाचार आहे. बाईंनी त्याला हिशेबाचे रूप दिले होते. घेतलेले दिवस मावळण्यापूर्वी फेडलेच पाहिजे, असा त्यांचा नियम असे.

एके रात्री जेवणानंतर त्यांच्या उजव्या बरगडीखाली तीव्र कळ उठली आणि ती उजव्या खांद्यापर्यंत गेली. तपासणीत पित्ताशयात खडे असल्याचे दिसून आले. पित्ताशय काढून टाकणे श्रेयस्कर, असे डॉक्टरांनी सांगितले. दुर्बिणीच्या साहाय्याने तीन-चार लहान छिद्रांतून ही शस्त्रक्रिया होते आणि गुंतागुंत नसेल तर रोगी एक-दोन दिवसांत घरी जातो. बाईंनी होकार दिला. दिवस मात्र ठरविला नाही. प्रथम मुलांच्या परीक्षा आड आल्या, मग चातुर्मास, मग दिवाळी. विचारणाऱ्यांना त्या खर्चाचे कारण सांगत. खरे कारण त्यांनी कोणालाच सांगितले नाही; बहुधा स्वतःलाही नाही. शस्त्रक्रियेला जायचे तर कोणाला तरी म्हणावे लागणार होते: ‘माझ्याबरोबर याल का?’ हे तीन शब्द त्यांच्याने उच्चारवेनात.

सात-आठ महिन्यांनी दुसरी कळ आली, ती ताप आणि उलट्या घेऊनच. पित्ताशयाला सूज येऊन आत जंतुसंसर्ग झाला होता. दाराची कडी काढून शेजारी हाक मारण्याइतकेच बळ अंगात उरले होते. जे काम दोन दिवसांत आटोपले असते, त्याला नऊ दिवस लागले. दुर्बिणीने आरंभिलेली शस्त्रक्रिया तशीच पुरी होईना, म्हणून पोटाला मोठा छेद घ्यावा लागला. बिल भरताना अनेक वर्षांची शिल्लक संपली. आणि ज्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून बाई गप्प राहिल्या होत्या, त्याच शेजाऱ्यांना अपरात्री धावपळ करावी लागली. मौनाने कोणाचाही भार हलका झाला नाही. तो अवेळी आला आणि अधिक जड होऊन आला.

या दृष्टांताकडे पाहिले असता असे दिसते की, शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या एकाकी माणसाच्या मनात तीन भये वसत असतात: वेदनेचे, पैशाचे आणि परावलंबनाचे. पहिली दोन भये तो बोलून दाखवितो. वेदनेच्या भयावर भूल देण्याच्या शास्त्राने पुष्कळ उपाय शोधले आहेत. पैशाचे भय खरे असले तरी त्यावर विचारविनिमय होऊ शकतो. तिसरे भय मात्र सद्गुणाचा वेष धारण करून येते, आणि म्हणून ते ओळखू येत नाही. ‘मला कोणाला त्रास द्यावयाचा नाही’ हे वाक्य ऐकताना किती निःस्वार्थ वाटते! वस्तुतः त्याच्या तळाशी पुष्कळदा ‘मला कोणापुढे लहान व्हावयाचे नाही’ ही भावना दडलेली असते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना ‘अनपेक्ष’ असा एक शब्द आला आहे. एकटा राहणारा साधक त्या शब्दाचा आधार घेतो आणि अनपेक्ष म्हणजे कोणाकडून काहीही न घेणारा, असा त्याचा अर्थ करतो. परंतु अपेक्षा आणि स्वीकार या दोन भिन्न गोष्टी होत. अपेक्षा हा मनाने लावलेला दावा असतो: अमक्याने माझ्यासाठी हे केलेच पाहिजे, आणि न केल्यास मी रुष्ट होईन. स्वीकारात असा दावा नसतो. ज्याने गरज पडताच शेजाऱ्याला मोकळेपणाने विचारले आणि ‘आज जमणार नाही’ हे उत्तर आले तरी मनात कटुता धरली नाही, तो मागूनही अनपेक्षच राहिला. उलट ज्याने तोंडाने चकार शब्द काढला नाही, पण अंथरुणावर पडल्या पडल्या ‘कोणी साधी चौकशीही केली नाही’ असा हिशेब मांडला, त्याने काही न मागताही अपेक्षेचा डोंगर उभा केला. तेव्हा अनपेक्षतेची परीक्षा मागणे-न-मागणे यावर होत नाही; नकार ऐकल्यावर मन कसे राहते, त्यावर होते.

अठराव्या अध्यायातील विवेचन तर या प्रश्नाच्या मुळाशीच जाते. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. इतकी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपक्व होय, असा त्या विवेचनाचा आशय आहे. हे तत्त्व शस्त्रक्रियेच्या टेबलाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. रोग्याचा देह हे अधिष्ठान आहे, पण तो निश्चेष्ट पडलेला आहे. शल्यविशारदाचा हात चालतो. भूल देणारा डॉक्टर श्वासामागून श्वास मोजतो. परिचारिका निर्जंतुक केलेली उपकरणे हाती देते. कोणा अज्ञात माणसाने दिलेले रक्त शीतपेटीत तयार असते. फरशी पुसणाऱ्या बाईने काम चोख केले नसेल तर बाकी सर्वांचे कौशल्य व्यर्थ जाण्याचा संभव असतो. तेथे ‘मी माझ्यापुरता समर्थ आहे’ या वाक्याला काय अर्थ उरतो?

आणि हे सत्य केवळ रुग्णालयापुरते नाही. ‘मी माझे पाणी स्वतः भरतो’ असे म्हणणाऱ्याने त्या पाण्याकडे एकदा पाहावे. इंदूरच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून पंपांनी वर चढवून आणलेले असते. घागर स्वतः उचलली हे खरे, पण घागरीत पाणी येईपर्यंत शेकडो हात राबलेले असतात. निरोगी माणसाला ते हात दिसत नाहीत. आजारपणाने परावलंबन नव्याने उत्पन्न होत नाही. ते पूर्वीपासून होतेच, आजारपणाने त्याच्यावरचा पडदा दूर होतो एवढेच.

आपल्या वैद्यकशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुणही दिले आहेत. परिचारक हा तेथे उपचाराचाच एक स्वतंत्र पाय मानला आहे. तो नसेल तर चिकित्सा लंगडी पडते. विशेष मननीय आहेत ते रोग्याचे गुण. स्मरणशक्ती, सांगितलेले पथ्य पाळणे, निर्भयता, आणि चौथा गुण म्हणजे आपल्याला काय होत आहे ते नीट सांगता येणे. दुःख मुकाट्याने गिळणे हा काही रोग्याचा गुण म्हणून तेथे सांगितलेला नाही. ते सांगणे हा सांगितला आहे. शस्त्रक्रियेनंतर ‘उगाच सिस्टरना कशाला उठवा’ म्हणून रात्रभर कण्हत पडणारा रोगी स्वतःला सहनशील समजतो. परंतु जी वेदना सांगितली असती तर गुंतागुंतीची पहिली सूचना ठरली असती, ती त्याने दडवलेली असते. तितिक्षा म्हणजे जे टाळता येत नाही ते शांतपणे सोसणे. जे सांगितल्याने टळू शकते ते लपविणे, याला तितिक्षा म्हणता येणार नाही.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गामध्ये, या विषयावरील एक प्रसंग वर्णिलेला आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मळात पडून राहिला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले आणि त्यांनी विचारले की तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय? भिक्षूने सांगितले की, आपण इतर भिक्षूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही आपल्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. नंतर संघाला एकत्र करून त्यांनी समजावले की, घर सोडून आलेल्यांना येथे आई नाही आणि वडीलही नाहीत. त्यांनी एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? घरदार सोडलेल्या विरक्तांनाही हा उपदेश करावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. संन्यास घेतला तरी देहाला लागणारा दुसऱ्याचा हात सुटत नाही.

हा भिक्षू आणि वरील दृष्टांतातील शिक्षिका यांची तुलना केली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. भिक्षूने कोणाला काही दिले नव्हते. बाईंनी सर्वांना दिले होते, पण कोणाकडून काही घेतले नव्हते. दोघेही अखेरीस एकटेच पडले. देणे थांबले तर जसा संबंधाचा धागा तुटतो, तसाच घेणे थांबले तरी तुटतो. जो नेहमी देतो आणि कधीच घेत नाही, त्याच्यापुढे इतर सर्वांना कायम ऋणकोच्या जागी उभे राहावे लागते. त्यांनाही कधी देण्याचा आनंद मिळावा, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दातेपणाचा हा अहंकार कृपणतेपेक्षा सूक्ष्म असतो, आणि म्हणून तो सुटण्यास अधिक कठीण.

शुश्रूषा घेताना मोठेपण उणावत नाही, याचे एक उदाहरण पुण्याच्या ससून रुग्णालयात घडले. इ. स. १९२४ च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला. डॉक्टरांची आणि रुग्णालयांची अत्यंत कठोर चिकित्सा त्यांनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात केली होती. आता शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे त्याच सरकारचे शल्यविशारद होते, ज्याने त्यांना बंदीत टाकले होते. कुटुंबीय जवळ नव्हते. स्नेही म्हणून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री संमतिपत्रावर सही करताना गांधीजींचा हात कापत होता. तो त्यांनी लपविला नाही. उलट डॉक्टरांनाच तो दाखवून, हे आता तुम्हालाच नीट करावे लागेल, अशा अर्थाचे उद्गार काढले. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती अखेर कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. ५ फेब्रुवारी रोजी त्यांची मुक्तता झाली. ज्याने सबंध राष्ट्राला स्वावलंबनाचा मंत्र दिला, त्याने आपला कापणारा हात परक्याच्या हाती निःसंकोचपणे दिला. त्यात दैन्य नव्हते, कारण लपवाछपवी नव्हती.

येथे कोणी अशी शंका घेईल की, मग स्वावलंबनाला काही मूल्यच उरले नाही काय? तसे मुळीच नाही. जे आपल्याला करता येते ते दुसऱ्यावर टाकणे हा आळस होय, आणि आजाराचे निमित्त करून घरच्यांना व शेजाऱ्यांना वेठीस धरणारेही काही थोडे नाहीत. स्वावलंबनाचे खरे क्षेत्र आजारपणाच्या आधीचे आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःख-दोषांचे पुनःपुन्हा चिंतन करणे, हेही एक लक्षण म्हणून सांगितले आहे. हे चिंतन केवळ वैराग्याच्या पाठापुरते ठेवण्याचे कारण नाही. ‘मी आजारी पडणार आहे’ हे ज्याने खरोखर ओळखले, तो निरोगी असतानाच काही व्यवस्था करून ठेवील; आणि तीच त्याची परोपकारबुद्धीही ठरेल.

ही व्यवस्था फार मोठी नसते. आपला रक्तगट, चालू औषधे, कोणत्या औषधाने अपाय होतो, पूर्वीचे विकार, विम्याचे कागद आणि दोन विश्वासू माणसांचे दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ती सहज सापडेल अशा जागी ठेवावी. घराची एक किल्ली शेजारी द्यावी. संमतीविषयी पुष्कळ एकाकी माणसांच्या मनात विनाकारण धास्ती असते की, नातेवाइकाची सही नसेल तर आपल्यावर शस्त्रक्रियाच होणार नाही. परंतु सज्ञान आणि विचारक्षम रोग्याच्या देहाविषयी संमती देण्याचा अधिकार त्याचा स्वतःचाच आहे. तो भुलीखाली असताना, तातडीचे प्राणसंकट नसेल तर, प्रत्यक्ष आईची संमतीदेखील त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात सांगितले आहे. रुग्णालय बरोबरचे माणूस मागते ते बहुधा व्यवहाराच्या सोयीसाठी. आपण एकटे राहतो ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगितली, तर रात्रीसाठी पगारी परिचारकाची सोय, दोन दिवस अधिक मुक्काम, किंवा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असल्यास त्याचे साहाय्य, असा काही मार्ग आधीच ठरविता येतो. आपली वाचा गेली आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तर उपचार कोठवर चालवावेत, हेही लिहून ठेवता येते. अशा पूर्वलेखाला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सुलभ केली; आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो प्रमाणित करून घेता येतो. ज्याच्या वतीने बोलणारे घरात कोणी नाही, त्याला याचे महत्त्व अधिक.

पैशाच्या बाबतीतही संकोच हाच पहिला शत्रू ठरतो. प्राण वाचविणाऱ्यापुढे खर्चाची भाषा कशी काढावी, असे सज्जन माणसाला वाटते. आणि बिल हाती आल्यावर तोच माणूस रात्र रात्र तळमळतो. वस्तुतः अंदाजे खर्च आधी लेखी मागणे आणि नंतर बाबवार बिल मागणे, यात डॉक्टरांचा अविश्वास नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली सिद्ध केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दरांची माहिती व बाबवार बिल मिळण्याचा हक्क आहे, आणि बिलाच्या वादावरून रोग्याला अडकवून ठेवू नये असेही म्हटले आहे. ती स्वतंत्र कायदा नसली तरी नम्रपणे विचारणाऱ्याला तिचा आधार आहे. विमा मात्र घर पेटल्यावर खणलेल्या विहिरीसारखा असून चालत नाही. आधीपासून असलेल्या विकारासाठी कंपन्यांना प्रतीक्षाकाल ठेवता येतो. २०२४ साली त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली गेली, तरी तीन वर्षे ही तीन वर्षेच होत. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात, असा नियम आहे. ज्याला खरोखर गरज आहे त्याने तेथे विचारण्यास कचरू नये.

दृष्टांतातील बाईंपुढे याहून नाजूक प्रश्न होता. आयुष्मान भारत योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुला झाला आहे. योजनेत समाविष्ट रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत होतात. बाईंनी ते कार्ड काढलेच नव्हते. ती योजना गरिबांची, आपण घेतली तर कोणाच्या तरी तोंडचा घास जाईल, अशी त्यांची समजूत होती. पुढे अपरात्री जे रुग्णालय जवळ सापडले ते योजनेत नव्हते. दुसऱ्याचा वाटा आपण घेऊ नये, ही बुद्धी थोर आहे. ज्याला परवडते त्याने स्वखुशीने लाभ सोडला तर तो त्यागच होय. पण त्याग जाणून करावयाचा असतो. नियम काय आहे याची चौकशी न करता केवळ ‘फुकटचे नको’ म्हणून तोंड फिरविणे हा त्याग ठरत नाही. समाजाने वृद्धांसाठी एक घागर भरून ठेवली आहे. तीत त्या शिक्षिकेने चाळीस वर्षे शिकविलेल्या मुलांनी भरलेला करही आहे. तिच्यातून तहानेपुरते घेण्यात भिक्षा कसली?

इतकी सारी तयारी झाली तरी एक क्षण असा येतो की जेथे कोणतीच व्यवस्था बरोबर येत नाही. चाकांच्या खाटेवरून शस्त्रक्रियागृहाकडे नेताना दार उघडते आणि बरोबरच्यांना बाहेर थांबण्यास सांगतात. ज्याच्यामागे दहा नातलग उभे आहेत तो, आणि ज्याच्यामागे कोणीच नाही तोही, त्या दारातून एकटाच आत जातो. हा विचार एकाकी माणसाने मनात बाळगण्यासारखा आहे. आपल्याच वाट्याला काही विशेष उणीव आली आहे, असे जे त्याला वाटत असते, ते त्या उंबरठ्यावर पुरतेपणी खरे राहत नाही. वर्षानुवर्षे केलेल्या नामस्मरणाचा, श्वासाकडे शांतपणे पाहण्याच्या अभ्यासाचा उपयोग तेथे होतो. ज्याने एकांताशी आधीच मैत्री केली आहे, त्याला तो क्षण परका वाटत नाही. एकटे राहण्याच्या साधनेचे खरे फळ ते हेच: एकांतात शांत राहता येणे. मदत नाकारता येणे हे त्याचे फळ नव्हे.

घरी परतल्यावरचे दिवस मात्र पुन्हा माणसांचे असतात. भूल दिल्यानंतरचे निदान चोवीस तास एकट्याने राहू नये, असे डॉक्टर सांगतात. दाराला आतून कडी लावू नये, जड वस्तू उचलू नये, जखम लाल झाली किंवा ताप आला तर वाट न पाहता कळवावे. या काळात सर्व भार एकाच माणसावर टाकला तर प्रेमही थकते. म्हणून काम वाटून द्यावे: एकाने सकाळी डोकावून जावे, दुसऱ्याने औषधे आणावीत, तिसऱ्याने रात्री फक्त दूरध्वनी करावा. थोडे थोडे मागितले तर कोणालाच जड जात नाही. पगार देऊन आया किंवा परिचारक ठेवावा लागला तर त्यातही कमीपणा मानू नये. मात्र पैसे दिले म्हणून सेवा फिटली असे समजू नये. रात्री तीन वाजता उठून पाणी देणाऱ्या हाताचे मोल दिवसाच्या मजुरीत पुरतेपणी मावत नाही.

शेजाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. ‘काही लागले तर सांगा हं’ असे म्हणून जिना उतरणे सोपे असते. संकोची माणूस त्यावर ‘हो’ म्हणतो आणि काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ‘उद्या सकाळी डबा आणते, तिखट कितपत चालेल?’ असे विचारावे. पहिल्या वाक्यात मागण्याचे ओझे रोग्यावरच राहते. दुसऱ्यात ते उचलले जाते.

बाई नवव्या दिवशी घरी आल्या. शेजारणीने मऊ भाताची वाटी आणून पुढे ठेवली. सवयीने बाई साखरेच्या डब्यासाठी उठू लागल्या; तो वरच्या फळीवर होता, आणि हात वर करताच टाके ओढले गेले. शेजारणीने त्यांना खाली बसविले आणि वाटी राहू द्या, सावकाश नेईन, असे सांगितले. त्या रात्री ती वाटी, घासलेली आणि रिकामी, बाईंच्या स्वयंपाकघरात राहिली. कित्येक वर्षांत त्या घरात दुसऱ्याचे भांडे मुक्कामाला राहिले नव्हते. बाईंना प्रथम अस्वस्थ वाटले. मग हळूहळू झोप लागली.

टाके काढण्यासाठी त्या पुन्हा रुग्णालयात गेल्या, तेव्हा खिडकीवर तोच प्रश्न आला. बाईंनी मागे वळून पाहिले आणि शेजारणीचे नाव सांगितले. नाते काय, असे कारकुनाने विचारले, त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि ‘शेजारीण’ एवढेच म्हणाल्या. कारकुनाने ते लिहून घेतले.

तात्पर्य, देणे हा जसा धर्म आहे तसाच घेणे हाही आहे. जोवर शरीर चालते आहे तोवर द्यावे, भविष्याची नीट तरतूद करावी, आणि हात कापू लागेल तेव्हा तो लपवू नये. एकट्या राहणाऱ्या माणसाने आपल्या गीतापाठाची परीक्षा पाहावयाची तर ती याच ठिकाणी पाहावी.